न दिलेलं

'टु किल अ टायगर'वरून आमच्या महिला मंडळात सरळ दोन तट पडले. निशा पाहुजा यांचा हा माहितीपट २०२२ सालचा, पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. झारखंडमधल्या तेरा वर्षांच्या मुलीवर लग्नाच्या रात्री सामूहिक अत्याचार झाला. गाव म्हणत होतं, त्यातल्याच एकाशी लग्न लावून मोकळे व्हा. बाप मात्र लेकीच्या पाठीशी उभा राहिला, त्याची ही हकिगत. वाद तिच्यावरून नव्हता. मुलीचा चेहरा दाखवला म्हणून होता. "लेकराचं तोंड असं जगाला दाखवतात होय?" आमच्या एक काकू तावातावानं म्हणाल्या.

काकूंचा जीव तुटला तो खराच. पण सिनेमावाल्यांनी आधी चेहरा झाकायचाच विचार केला होता. मुलगी सज्ञान झाल्यावर तिनं स्वतः चित्रीकरण पाहिलं आणि चेहरा दाखवा म्हणून सांगितलं. मला मोलाची वाटली ती मधली थांबलेली वर्षं. आईबापांनी तेव्हा हो म्हटलं होतं, तरी जिचं दुःख तिला मोठेपणी पुन्हा विचारलं.

पाठशाळेत पाच अणुव्रतं शिकताना 'अदत्तादान' हा शब्द पाठ केलेला आठवतो. चोरी म्हणजे नुसतं कुलूप फोडणं नव्हे, न दिलेलं घेणं. त्या वयात आम्हाला अदत्त म्हणजे शेजारच्या कुंपणावरची जास्वंद. कुणी विश्वासानं सांगितलेलं दुःखही त्यात बसतं, हे भाचीमुळे कळलं.

ती हैदराबादला सिनेमाचं शिकते. मराठी तिचं पोळीभाजीपुरतं. गेल्या उन्हाळ्यात तिला इंद्रवेल्लीवर लघुपट करायचा होता, म्हणून मला बरोबर नेलं. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात हे नाव सगळ्यांना ठाऊक, पण बोलणारे थोडे. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कासाठी गोंडांची सभा ठरलेली. परवानगी नाकारली गेली, पण दूरदूरच्या पाड्यांतून माणसं निघालेली होती. त्यांना कोण सांगणार? पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक सांगतात तो याच्या कितीतरी पट. पुढे स्मारकाचा स्तूप झाला, पण कित्येक वर्षं त्या तारखेला तिथं जमावबंदी असायची. आपल्या माणसासाठी रडायलाही बंदी!

एका म्हाताऱ्या गोंड बाईच्या ओसरीवर बसलो. आमच्याकडचे गोंड मराठीही छान बोलतात. भाचीच्या मित्रानं तिच्या पदराला छोटासा माइक लावला. ती बाजाराबद्दल बोलली, बैलगाडीबद्दल, मीठ घ्यायचं राहिलं त्याबद्दल. मग गप्प. भाची माझ्या कानाशी, "मावशी, विचार ना, गोळी लागली तेव्हा जवळ कोण होतं?" मी विचारलं नाही. बाईनंच कॅमेऱ्याकडे बोट केलं. "ते बंद कर बाई, मग सांगते." कॅमेरा बंद झाला आणि तिनं सांगितलं. काय सांगितलं ते माझ्यापाशी आहे.

रात्री घरी कळलं, कॅमेरा बंद झाला पण माइक चालूच राहिला होता. सगळं उतरलं होतं. पोरं हरखली. "चेहरा नाही, नाव नाही. नुसता आवाज वापरला तर कुणाला कळणार?" मी म्हटलं, "तिला कळेल." भाची चिडली. लोकांपर्यंत सत्य जायला नको का, म्हणाली. जायला हवं, यात वादच नाही. पण सांगून टाकायचं की पोटात ठेवायचं, एवढाच अधिकार त्या बाईकडे उरला होता.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. भाचीनं तिच्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं. बाई ऐकत राहिली. "एवढंच बोलले का मी? मला वाटलं, लई बोलले." मग म्हणाली, "हे ठेवू नको." भाचीनं तिच्यासमोर मिटवलं. बाईला वाचता येत नाही. तिनं नातवाला हाक मारून पडद्यावरचं वाचून घेतलं, खरंच गेलं का म्हणून. मला तिचं फार कौतुक वाटलं. भाचीच्या सरांना मात्र फिल्म मधे ढिली वाटली म्हणे.

माइकमधलं निदान मिटवता आलं. छापलेलं मिटत नाही. आमच्या शेजारचा तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, देसाईगंजचं पोलीस ठाणं, १९७२. एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणत सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीनं बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापणं गुन्हा ठरलं. पण जिच्यामुळे हे कलम आलं, तिचं नाव तोवर खटल्याचंच नाव झालं होतं. वकिलीच्या पोरांना ते आजही पाठ असतं. कितीतरी वर्षांनी, ती म्हातारी होत आली तरी, वार्ताहर तिचा पत्ता काढत दाराशी जात राहिले. संसार, मुलं, मजुरी यांतलं काही विचारायला नव्हे, त्या रात्रीचं विचारायला.

ते नाव मी इथं लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कित्येकींना ते माहीत असेल.