वागळे इस्टेटहून अण्णांना

किसननगर, वागळे इस्टेट
सोमवार, रात्र

ती. अण्णांस सा. न.

सुखरूप पोचलो. मामींकडे उतरलोय. तंबोऱ्याच्या खुंट्यांचं काम २२ नंबर रोडच्या एका गाळ्यात दाखवलं. लेथवाल्यानं नमुन्याची खुंटी हातात घोळवली आणि विचारलं, "टॉलरन्स किती ठेवायचा?" मी म्हटलं, फिरवली की फिरावी, सोडली की सरकू नये. शिसवाचा तुकडा लावून बघतो म्हणालाय.

१९६२ ला एमआयडीसी निघाली, तेव्हाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही. आता कितीतरी शेड जाऊन काचेचे आयटी पार्क आलेत. उरलेल्या गाळ्यांत पॉवर प्रेस मात्र रात्रीही चालू. मी पडल्यापडल्या त्यांच्या मात्रा मोजतो, मग झोप येत नाही.

शनिवार

ती. अण्णांस सा. न.

काल पवईला, आयआयटीत गाणं ऐकलं. फुकट. बातमी कळली ती लेथवाल्याच्या पुतण्याकडून. तो तिथं शिकतो. मामींच्या विशालला चल म्हटलं तर तो जागचा हलेना. तो इथल्याच आयटीआयत फिटरचा ट्रेड करतो. "आपल्याला आत कोण सोडणार?" अखेर मुलुंड चेकनाक्यावरून एलबीएस रोडनं, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत बसनं गेलो. फाटकावर नाव लिहिलं आणि आत गेलो. विशाल तरी वाटभर शर्टाची घडी नीट करत होता.

मैफल स्पिक मॅकेची. किरण सेठ म्हणून खरगपूर आयआयटीचे इंजिनिअर. न्यूयॉर्कला शिकताना त्यांनी डागरांचं धृपद ऐकलं, परतून दिल्ली आयआयटीत शिकवायला लागले आणि १९७७ ला ही चळवळ उभी केली. कार्यक्रम बहुतेक शाळा-कॉलेजांतून, तिकीट कुठंच नाही. सतरंज्या अंथरायच्या, पाणी द्यायचं, कलाकाराला स्टेशनवरून आणायचं, ही सगळी कामं विद्यार्थीच करतात. काल चपला काढून खालीच बसलो, आपल्याकडच्यासारखं.

गाणाऱ्या बाई किराणा घराण्याच्या. गळा सुरेल, घाई नाही. फक्त राग समजावून सांगण्यात फार वेळ गेला; तेवढ्यात विलंबित चांगलं पुढं सरकलं असतं. पोरांना कळत नाही असं आपणच आधी धरून चालतो. माझ्या शेजारचा मुलगा चप्पल घातल्यासारखा अवघडून बसला होता, पण पंचमावर त्यानं मान हलवली ती कुणी शिकवलेली नव्हती.

उजवीकडच्या तंबोऱ्याची जोडाची तार दबत होती. तुम्ही असता तर उठूनच गेला असता. मी गाणं संपेपर्यंत दम धरला, मग मंचापाशी जाऊन तारेखालचं सूत केसभर सरकवलं. तार बोलली. बाईंनी वळून विचारलं, "मिरजेचे का?" विशालनं तो सगळा प्रकार डोळे फाडून पाहिला.

परतीच्या बसमध्ये त्यानं पिच्छा पुरवला. आमच्याकडे हॉल आहे, माईक आहे, मग हे लोक आमच्याकडे का येत नाहीत? मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला आपल्या मिरजेच्या दर्ग्यातलं सांगितलं: खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ ला गेले, तरी उरुसात तिथल्या चिंचेखाली मोठमोठे गवई बिदागी न मागता गाऊन जातात. अंबाबाईच्या नवरात्रातही तेच. ऐकायला हमाल येतो, भाजीवाली येते, मुख्य म्हणजे त्यांना तिथं कुणी बोलवावं लागत नाही. कॉलेजांतलं गाणंही तितकंच फुकट. पण ते आहे हेच भिंतीपलीकडच्याला कळत नाही आणि कळलं तरी तो विशालसारखा शर्टाची घडी बघतो. तिकीट काढून टाकणं त्या मानानं सोपं असावं.

लेथवर केलेल्या दोन खुंट्या उत्तम आल्यात, तिसरी लाकडाच्या रेषेवर चिरली. लाकूड अजून ओलं होतं, असं माझं मत. पुढच्या वेळी आपलंच मुरलेलं शिसव घेऊन येईन.

यंदा उरूस कधी येतो ते दर्ग्यात विचारून लगेच कळवा. विशालला यायचंय, आणि आयटीआयत रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो म्हणे.

आपला,
सदू