मातीचा मावळा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या अंगणात किल्ला उभा राहतो. दगडविटा रचायच्या, वर पोते अंथरायचे, चिखल थापायचा आणि हळीव पेरायचे. मावळे मात्र हल्ली बाजारातून येतात. गेल्या वर्षी मी नातवाला म्हटले, "अरे, एक तरी मावळा आपण हाताने करू या." तो नाखुशीनेच बसला. मी मातीचा गोळा हातात घेतला मात्र, आणि मला एकदम बेल्जममधले एक माळरान आठवले!

2018 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे तिकडे गेले होते. एके दिवशी ती म्हणाली, "आई, चल, तुला मातीची माणसं दाखवते." ईप्र गावाबाहेर पालिंगबेक म्हणून जागा आहे. पहिल्या महायुद्धात ही जमीन दोन सैन्यांच्या मधोमध सापडली होती. तिथे दूरवर मातीच्या लहान लहान आकृत्या वाकून बसलेल्या होत्या. किती? 6,00,000! त्या युद्धात बेल्जमच्या भूमीवर मेलेल्या प्रत्येकासाठी एक. कल्पना कून वानमेखेलेन या कलावंताची. देशोदेशीच्या कोंबड्यांचा संकर करून त्यातून कला उभी करणारा हा गृहस्थ! पण या आकृत्या त्याने एकट्याने घडवल्या नाहीत. 2014 पासून चार वर्षे शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत हजारो माणसांनी त्यासाठी आपले हात मातीत घातले. घडवणाऱ्याचे नाव आणि मेलेल्या एका माणसाचे नाव, अशी जोडी बिल्ल्यांवर उमटली. माझ्या लेकीनेही एक आकृती केली होती.

"तुझी कुठली गं?" मी विचारले.

"ती आता कशी सापडणार, आई? पण त्याचं नाव माझ्या लक्षात आहे."

आणि तिने एक परके नाव घेतले. सासरच्या एखाद्या माणसाचे घ्यावे तितक्या सहजपणे.

ईप्रच्या युद्ध-संग्रहालयाने चित्रकारांना, लेखकांना, गाणाऱ्यांना मुक्कामाला बोलावण्याची चाल ठेवली आहे. आधी मला त्याचे नवल वाटले होते. जिथे माणसे मेली तिथे राहून चित्रे कसली काढायची? पण चार दिवस राहिल्यावर थोडे उमगले. तासाभरासाठी येणाऱ्याला फक्त दगड दिसतात. राहणाऱ्याला दिसते, की शेतकऱ्याच्या नांगराला आजही न फुटलेले तोफगोळे लागतात आणि तो ते बांधावर काढून ठेवतो. मेनिन दरवाज्याखाली 1928 पासून रोज रात्री आठाला बिगूल वाजते. मधला जर्मन अंमलाचा काळ तेवढा वगळायचा. एकदा ऐकले की गहिवरून येते. पण रोज आठ वाजता ते ऐकून घरी जाऊन भाजी चिरणाऱ्याला काय वाटत असेल, हे तिथे राहिल्यावाचून कसे कळावे?

आणि जवळच व्लाडस्लोला एक आई जन्माची वस्तीला आलेली आहे. केटे कोलविट्झ ही जर्मन शिल्पकार. तिचा पेटर अठरा वर्षांचा. वडिलांच्या संमतीवाचून त्याला सैन्यात जाता येत नव्हते. आईने रदबदली करून ती मिळवून दिली. 1914 च्या ऑक्टोबरात तो पडला. त्याच्यासाठी गुडघे टेकलेल्या आईबापांचे शिल्प पुरे व्हायला 1932 साल उजाडले. समोरच्या दगडावर वीस नावे आहेत, त्यांत पेटरचे एक. त्या आईपुढे मला उभे राहवेना.

मेनिन दरवाज्यावर 54 हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. थडगे न लाभलेल्यांची ती नावे. त्यांत आपले हिंदी शिपाईही आहेत. मी मान वर करून वेड्यासारखी शोधत राहिले. खरे तर मला ठाऊक होते, की मी शोधत होते तो तिथे नव्हता. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला, तो परतलाच नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा दिला. ही चूक 2021 साली स्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने कबूल केली.

आमच्या गावच्या चावडीवरही एक संगमरवरी पाटी आहे: इतकी माणसे लढाईला गेली, त्यांपैकी पाच कामी आली. तिथेही आकडाच!

घरी तरी नाव असायला हवे होते की नाही? पण मोठी आजी, त्यांची बायको, नवऱ्याचे नाव घेणार कशी? "आमचे हे बसऱ्याला गेले," एवढेच ती म्हणायची. आजोबांच्या तोंडी ते "दादा". वडिलांनी त्यांना पाहिलेच नव्हते. विचारावे असे मला सुचले, तेव्हा सांगायला कोणीच उरले नव्हते. साहेबाला काय दोष द्यावा? आम्हीच नाव हरवून बसलो.

नातवाचा मावळा एव्हाना उभा राहिला होता. एक पाय आखूड, पागोटे तिरके.

"आजी, याचं नाव काय ठेवू?"

मी जरा थांबले. मग म्हटले, "दादा."

"एवढंच?"

"त्यांचा धाकटा भाऊ त्यांना तशीच हाक मारायचा."

त्याने पुठ्ठ्याचा तुकडा कापला, एका बाजूला आपले नाव लिहिले, दुसऱ्या बाजूला "दादा" असे लिहिले आणि दोऱ्याने मावळ्याच्या गळ्यात बांधले. बाजारच्या मावळ्यांत उभे करायला तो त्याला घेऊन निघाला, आणि अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाला, "याला दाराशी ठेवतो. लांबून आलाय ना तो!"

मी पणती आणायला आत गेले.