आमच्या संगणकाची घोडदौड

आमच्या घरांतील संगणक २०१२ सालीं विकत घेतलेला आहे. त्यांतील प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ २५००के ह्या नांवाचा असून तो २०११ च्या जानेवारींत बाजारांत आला; त्यास आतां कोणी नवा म्हणणार नाहीं. तथापि दावणीच्या जुन्या बैलाप्रमाणें त्यानें आमची पुष्कळ सेवा केली, व प्रश्नपत्रिका छापणें, निकालपत्रकें तयार करणें इत्यादि कामांत त्याच्याविषयीं तक्रार करण्यास आम्हांस जागा नव्हती. तक्रार होती ती आमच्या चिरंजिवांची. "बाबा, आपला संगणक चालतो खरा, पण तो नुसता चालतच असतो, पोंचत नाहीं," असें ते म्हणत. नवा संगणक घ्यावा तर शिक्षकाच्या पगारास तें झेपणारें नव्हतें.

ह्या उद्योगास लागण्यास दुसरेंही एक कारण घडलें. २०२२ च्या पावसाळ्यांत शाळेच्या अडगळीच्या खोलींतून स्नेहसंमेलनांच्या व्हीएचएस टेपांचें एक खोकें निघालें. कित्येक टेपांस बुरशी लागली होती. त्या संगणकांत उतरवून घेण्याचें काम मुख्याध्यापकांनीं आमच्याकडे सोंपविलें. त्यांपैकीं १९९६ सालच्या संमेलनाच्या टेपेंत शाळेचे शिपाई, ज्यांस सारी शाळा 'मामा' म्हणत असे, ते डोक्यास फेटा बांधून रंगमंचावर येतात व एक पोवाडा म्हणतात. मामांनीं तीस वर्षें शाळेची घंटा वाजविली. त्यांस जाऊन बराच काळ लोटला, व त्यांचें दुसरें चलच्चित्र कोणाजवळही नाहीं. त्यांची नात तेव्हां आमच्या आठवीच्या वर्गांत होती, आणि तिच्या आजीस एक प्रत देण्याचें आम्हीं कबूल केलें होतें. टेप आमच्या यंत्रांत एकदां शेवटपर्यंत चालली. दुसऱ्या खेपेस मध्येंच तुटली, ती पुन्हां जोडली गेली नाहीं. म्हणजे मामांचा पोवाडा आतां केवळ आमच्या संगणकांत उरला होता. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

संगणकाच्या घड्याळाचा वेग कारखानदारानें नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणें ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ही विद्या आम्हांस अगदींच अपरिचित नव्हती. १९९९ सालीं आम्ही महाविद्यालयाच्या वसतिगृहांत असतां, आदल्या वर्षींच्या ऑगस्टांत निघालेल्या सेलेरॉन ३००ए ह्या प्रोसेसरची मोठी ख्याति होती. त्याचा गुणक ४.५ असा कायमचा बांधलेला, आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ; म्हणून तो ३०० मेगाहर्ट्झचा. बसचा वेग १०० केला कीं तोच प्रोसेसर ४५० चा होई. आमच्या एका मित्रानें तें करून दाखविलें, तेव्हां अर्धें वसतिगृह त्याच्या खोलींत लोटलें होतें. कमी दामांत महागाचा माल मिळाला, हा आनंद तरुणपणीं फार मोठा असतो. (प्रौढपणींही तो कांहीं लहान असतो असें नाहीं.)

हें कसें साधतें, हें शाळेच्या घंटेवरून समजेल. घंटा झाली कीं मुलें एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जातात, आणि पुढची घंटा होण्यापूर्वीं सर्व जागेवर बसलेलीं असावीं लागतात. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्यास विद्युत्संकेतांचा असाच प्रवास होतो. घंटा लवकर लवकर वाजविली तर काम अधिक होतें. परंतु सर्वांत लांबच्या वर्गांत जाणारा सर्वांत सुस्त मुलगा जोंवर वेळेवर पोंचतो, तोंवरच. तो दारांत असतांनाच घंटा झाली तर हजेरी चुकते. शून्याच्या जागीं एक मांडला जातो, किंवा एकाच्या जागीं शून्य. व्होल्टेज वाढविलें तर मुलें अधिक जलद धांवतात, पण धांवून तापतात, आणि तापलीं कीं पुन्हां मंदावतात. आतां कारखानदार जो वेग डबीवर छापतो, तो मालांतली मंदांत मंद चिप, कडक उन्हाळा आणि अनेक वर्षांचा वापर हें सारें धरून छापतो. त्यामुळें कित्येक चिपांत थोडी शिल्लक राहते. ती किती, हें त्या त्या चिपेचें नशीब. एकाच दिवशीं एकाच दुकानांतून घेतलेल्या दोन चिपांचीही शिल्लक सारखी नसते.

ह्या शिल्लकेची किंमत मात्र द्यावी लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, व शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ३.३ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर गेलें, आणि त्यासाठीं १.२० व्होल्टवरून १.३५ वर जावें लागलें, तर वेग ३६ टक्के वाढतो आणि उष्णता सुमारें ७३ टक्के. नववीच्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा.

आमचा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्यास आम्हीं बोलाविलें. आल्याबरोबर त्यानें वेगाची गोष्टही न काढतां पेटी उघडली व आंतून मूठभर धूळ बाहेर काढली. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लाविली, व मूळच्या बुटक्या पंख्याच्या जागीं एक उंच, तांब्याच्या नळ्यांचा थंडक बसविला. मग तो म्हणाला, "सर, एका वेळीं एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक गोष्ट वहींत लिहायची. आपणच आम्हांला प्रयोगवही लिहायला लावीत होतां." ह्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

ह्या प्रोसेसरचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा व गुणक ३३. मूळ ठोक्यास हात लावावयाचा नाहीं, कारण डिस्कचा व ग्राफिक्स कार्डाचा मार्गही त्यालाच जखडलेला असतो. तो थोडा हलविला तरी सारेंच बिघडतें. गुणक मात्र, नांवांत शेवटीं 'के' असलेल्या प्रोसेसरांत, मोकळा ठेविलेला असतो. आम्हीं बायॉसमध्यें जाऊन तो ४० केला, मग ४२, मग ४३. प्रत्येक पायरीस प्राइम९५ हा प्रोग्रॅम अर्धा तास चालवावयाचा. हा प्रोग्रॅम १९९६ सालीं सुरू झालेल्या, प्रचंड मर्सेन मूळसंख्या शोधण्याच्या उद्योगांतून निघालेला आहे. त्याच्या परीक्षेंत संगणकास अशीं अवघड गणितें घालतात कीं ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक असतात. उत्तर चुकलें कीं तो तत्काळ थांबून तसें सांगतो. आम्ही गणित शिकवितों, त्यामुळें ही परीक्षापद्धति आम्हांस विशेष पसंत पडली. गुणक ४५ व व्होल्टेज १.३० असतां वीस मिनिटांत एक उत्तर चुकलें. पडदा तसाच, उंदीर हलतो, गाणें वाजतें, आणि आंत गणित चुकलेलें! व्होल्टेज १.३५ केल्यावर मात्र सबंध रात्र गेली तरी एकही चूक झाली नाहीं; कमाल तापमान ७४ अंश. तारीख होती डिसेंबरची, आणि खोलींत सुमारें १८ अंश. तें खोलीचें तापमान आम्हीं वहींत लिहिलें, पण त्यावर विचार केला नाहीं.

ग्राफिक्स कार्ड हा चिरंजिवांचा प्रांत. तें जीटीएक्स १०६० जातीचें, २०१६ सालचें, जुन्या बाजारांत घेतलेलें. त्याचा मूळ वेग १५०६ मेगाहर्ट्झ, व बूस्टचा १७०८. हें कार्ड मोठें समजूतदार असतें. उष्णता व वीज ह्यांस अनुसरून तें आपला वेग आपणच थोडा थोडा कमीजास्त करतें. म्हणून प्रथम त्याची विजेची मर्यादा वाढवावी, पंखा जलद करावा, आणि मगच ठोक्यास हात घालावा. दीडशें मेगाहर्ट्झ वाढविल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके उमटूं लागले व ड्रायव्हर कोसळून पुन्हां उभा राहिला. शंभरावर सारें शांत झालें. त्याच्या मेमरीची गंमत निराळी. ह्या कार्डावरील जीडीडीआर५ मेमरी वाटेंतील चुका ओळखते आणि तोच मजकूर पुन्हां मागविते. त्यामुळें वेग अति वाढविला तर चित्र बिघडत नाहीं. उलट काम मंदावतें. वहींतले गुण वाढत वाढत जाऊन एके ठिकाणीं उतरूं लागले, तेव्हां चिरंजिवांनीं आपण होऊन दोन पावलें मागें घेतलीं. आम्हांस त्यांचें कौतुक वाटलें.

आमचें स्वतःचें वर्तन असें कौतुकास्पद नव्हतें. संगणकाची मुख्य मेमरी १३३३ वर चालत होती, तेवढीच ह्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा. कांड्यांवर १६०० छापलेलें होतें. जानेवारींत एका संध्याकाळीं घरीं कोणी नसतां आम्हीं ती १८६६ वर नेली. आमच्या विद्यार्थ्यानें बजावून ठेविलें होतें कीं मेमरीस हात लाविला तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावा. आम्हीं तो एक तास चालविला. एक फेरी निर्दोष झाली, घरच्या मंडळीचा परत येण्याचा समय झाला, आणि आम्हीं पेटी बंद केली. त्यानंतरच्या आठवड्यांत टेपांच्या सर्व फायली नव्या डिस्कवर हलविल्या, आणि जुनी डिस्क पुसून त्या वर्षींच्या संमेलनाच्या चित्रीकरणास दिली.

एप्रिल आला. आमच्या सोलापुरास त्या महिन्यांत पारा ४० च्या पलीकडे जाणें हें नवल नव्हे. दुपारीं खोलींतच ३६ अंश होते. हवेनें थंड होणारें यंत्र हवेहून थंड कसें होईल? खोलींत अठरा अंश वाढले, ते प्रोसेसरच्या अंगावरही वाढले, आणि ७४ चे ९२ झाले. संगणक भर कामांत निळा पडून पुन्हां सुरू होऊं लागला. विद्यार्थ्यास बोलाविलें. त्यानें वही मागितली, वाचली, आणि मेमरीच्या नोंदीवर बोट ठेवून आमच्याकडे पाहिलें. त्या रात्रीं मेमटेस्ट चालू ठेविला. तिसऱ्या फेरींत पडद्यावर तांबड्या ओळी उतरूं लागल्या. मेमरी १३३३ वर परत आणल्यावर सकाळपर्यंत एकही तांबडी ओळ नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रोसेसर चुकला तर तो बहुधा कोसळतो, आणि कोसळणारें यंत्र प्रामाणिक असतें. मेमरी चुकली तर पुष्कळदां कांहींच होत नाहीं. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाणारी फाइल मेमरींतूनच जाते; वाटेंत एखादा अंक उलटला तर तो उलटा अंकच नव्या जागीं लिहिला जातो, आणि काम पूर्ण झाल्याची सूचना नेहमींसारखीच येते. आम्हीं हलविलेल्या सदतीस फायली उघडून पाहिल्या. पांच दुखावल्या होत्या. चौघींच्या टेपा धड होत्या, त्या पुन्हां उतरवून घेतल्या. पांचवी मामांची.

जुन्या डिस्कवरून कांहीं वांचवितां येतें का हें त्या विद्यार्थ्यानें दोन दिवस पाहिलें. तेथें आतां नव्या संमेलनाचीं नृत्यें होतीं.

सध्यां आमचा संगणक ४.२ गिगाहर्ट्झवर व १.२५ व्होल्टवर चालतो. वेग २७ टक्के अधिक, उष्णता सुमारें ३८ टक्के. शेवटली परीक्षा मे महिन्यांत, दुपारीं, पंखा बंद करून घेतलेली आहे. चिरंजिवांस खेळांत फरक जाणवत नाहीं. हल्लींचे प्रोसेसर आपली शिल्लक बाजारांत येण्यापूर्वींच वापरून टाकतात. ते थंडावा व वीज पाहून स्वतःच धांवतात, आणि त्यांत हात घालणारास बहुधा थोडेंच मिळतें. २०२४ सालीं तर इंटेलनें कबूल केलें कीं तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांस प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळाल्यानें अस्थिरता येते, आणि त्यांच्या हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. कारखानदाराचाही हात असा सैल सुटूं शकतो, हें वाचून आम्हांस थोडें बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मामांच्या घरीं जाण्याचें आम्ही मेअखेरपर्यंत टाळलें. शेवटीं चिरंजिवांस बरोबर घेऊन गेलों. नातीनें लॅपटॉप आजीसमोर ठेविला. मामा फेटा सांवरीत पुढें आले, पहिला चौक झडला, आणि दुसऱ्याच्या आरंभीं चित्राचे चौकोन चौकोन होऊन आवाज तुटला. मिनिटभर तसेंच. आम्ही खालीं मान घालून ठोके, व्होल्टेज व मेमरी ह्यांविषयीं कांहीं सांगूं लागलों. आजी म्हणाल्या, "राहूं द्या सर. तें मला पाठ आहे." आणि त्या तुटलेल्या जागेंत त्यांनीं स्वतःच, हलक्या आवाजांत, पण ताल न सोडतां, तो चौक म्हटला. तो संपतां संपतां पडद्यावर मामा पुन्हां दिसूं लागले.

नातीनें प्रसंगावधान राखून मोबाइलवर तें टिपून घेतलें होतें. ती फाइल आम्हीं तीन ठिकाणीं ठेविली आहे. तिन्हींचे पडताळ्याचे अंक आम्हीं स्वतः जुळवून पाहिले, ते जुळतात.