मुरमाच्या वाटेवर

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळून जातो. त्याच्या गुळगुळीत डांबरावरून एखादी दुचाकी टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या खेड्यांकडे वळली, की मुरूम, सुटी गिट्टी आणि पांदण रस्ते भेटू लागतात.

मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला काळा पाषाण. तोच पुरता झिजला की कपाशीची काळी माती होते. गाड्या मात्र डांबरासाठी घडवलेल्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या, उथळ नक्षीच्या टायरच्या. सुटे खडे त्या टायरखाली गोट्यांसारखे घरंगळतात. अशा वेळी पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर चाक फिरायचे थांबते आणि गाडी आडवी होते.

म्हणून येथील जाणता चालक वळण येण्याआधीच वेग उतरवतो. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरतो, मागचा ब्रेक हलकेच वापरतो, चाकोरी सोडत नाही आणि नजर दूर ठेवतो. हँडल आवळून धरले तर गाडी अधिकच हेलकावते. हात सैल असले तर ती सावरते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये भरून चाकच अडवते. तेव्हा खाली उतरून काटकीने चिखल काढण्यावाचून उपाय नसतो.

पुष्कळदा गाडीवर एकटा चालक नसतो. मागे पत्नी आणि मध्ये लेकरू असते. वळणावर वाचवलेली दोन मिनिटे तिघांच्या जिवावर बेतू शकतात. गाडी मंदावते, चाकाखाली मुरूम करकरतो, आणि कपाशीच्या शेतांमधून ती सावकाश गावाकडे निघते.