खेळ थांबल्यावरची चित्रं

डोंबाऱ्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलाय. ढोलकी, बांबू, ताणलेली दोरी आणि तिच्यावरून चालणारी आपल्याच वयाची मुलगी. खेळ संपला की नाणं टाकायचं आणि घरी जायचं. ती मुलगी पुढे कुठे जाते, हे सहसा कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या काही फ्रेंच चित्रकारांनी ते विचारलं. गावोगाव फिरून कसरती आणि विदूषकी करणाऱ्यांना फ्रेंचमध्ये 'साल्तँबाँक' म्हणतात. मी इंजिनिअर, चित्रकलेचं शिक्षण शून्य. पण ही चित्रं मी ऑनलाइन झूम करकरून पाहिली आहेत.

गुस्ताव्ह दोरे यांच्या १८७४ च्या चित्रात कसरत करताना जखमी झालेलं पोर आईच्या कुशीत आहे, डोक्याला पट्टी. आईच्या अंगावर चांदण्यांची निळी शाल, बाप विदूषकाच्या लाल वेशात. कपडे खेळाचे, चेहरे मात्र दवाखान्याबाहेर बसलेल्या कुठल्याही आईबापांचे.

फर्नां पेलेझ यांचं १८८८ चं चित्र पॅरिसच्या पेती पाले संग्रहालयात आहे, सहा मीटरपेक्षा रुंद. तंबूबाहेर सगळा ताफा ओळीने मांडलाय. डावीकडे मुलं, त्यात एक रडवेलं. मधे तोंड वेंगाडणारा विदूषक. उजवीकडे थकलेले म्हातारे वादक. डावीकडून उजवीकडे पाहत गेलं की एकच आयुष्य सरकताना दिसतं. त्या रडणाऱ्या मुलाचं म्हातारपण त्याच ओळीत बसलंय.

पुढे १९०५ मध्ये पिकासोने पॅरिसमध्ये असंच एक कुटुंब रंगवलं. उजाड माळावर सहा जण, कोणी कोणाशी बोलत नाही.

या तिन्ही चित्रांत टाळ्या वाजवणारी गर्दी नाही. ती जागा आपली. पण समोर खेळ नाही, फक्त माणसं आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे नीट बघावंच लागतं.

माझी मुलगी जिम्नॅस्टिक्सला जाते. तिच्या कोलांटउडीसाठी आम्ही फी भरतो. दोरेंच्या चित्रातल्या पोराच्या कोलांटउडीवर घर चालायचं. चित्र दाखवल्यावर तिने विचारलं, "बाबा, खाली मॅट नव्हती?" नव्हती, म्हणालो. मग आम्ही बराच वेळ त्या मुलाबद्दल बोललो. तुमच्या मुलांनाही ही चित्रं दाखवा. ती काय विचारतात, ते ऐकण्यासारखं असेल.