ठीक होता

मत देणे ही गोष्ट अलीकडे फार सोपी झाली आहे. आमच्या विद्यार्थिदशेत एखाद्या पुस्तकाविषयी मत द्यावयाचे तर ते पुस्तक निदान वाचावे लागे, आणि त्यावर थोरामोठ्यांनी काय म्हटले आहे तेही वाचावे लागे. यांतील दुसरे वाचन पहिल्याहून अधिक अगत्याचे समजत, हे या वयात कबूल करावयास आम्हांस हरकत वाटत नाही. आजच्या विद्यार्थ्यास असल्या खटाटोपाची गरज नाही. त्याने मनात तीन पेट्या मांडून ठेविल्या आहेत : भारी, बोअर आणि ठीक. चित्रपट सुटला की तो यांपैकी एका पेटीत टाकावयाचा आणि चहास मोकळे व्हावयाचे.

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपटमंडळाने मध्यंतरी लागोपाठच्या तीन शनिवारी तीन मराठी चित्रपट दाखविले. पहिला दामले व फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’, दुसरा २०१४ चा, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आणि तिसरा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. त्या सुमारास आम्ही वर्गात रसचर्चा शिकवीत होतो. तेव्हा प्रत्येकाने या चित्रपटांवर आपले मत लिहून आणावे, असे आम्ही सांगितले. बहुतेकांनी चार-चार पाने आणली. ती कोठून आणली हे आम्ही विचारले नाही. एका विद्यार्थ्याच्या वहीत मात्र तीनच शब्द होते : भारी, बोअर, ठीक.

आम्ही त्यास खोलीत बोलावून घेतले. “हे मत झाले काय रे?” असे विचारताच तो ओशाळला; पण बोलू लागला.

“‘संत तुकाराम’ भारी होता, सर. त्यात आवली सगळ्यात भारी. तुकाराम देवाचं बघतात, घर तीच चालवते.”

“आणि ‘कोर्ट’?”

“बोअर. एकदा तर पडदा काळा झाला. संपला म्हणून आम्ही उठलो, तर पुन्हा सुरू. पण सर, तसंच असतं. आमच्या चुलत्यांची जमिनीची केस आहे. दोनदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दिवसभर बसलो आणि तारीख घेऊन आलो.”

एका वृद्ध शाहिरावरील खटला रखडत जातो आणि त्या रखडण्यातच चित्रपटाचा आशय आहे, हे सांगावयास आम्हांस वर्गात पाऊण तास लागला होता. येथेच आम्ही सावध व्हावयास हवे होते. परंतु तीस वर्षे अध्यापन केलेल्या मनुष्यास सहजासहजी सावध होता येत नाही.

“‘फँड्री’ नुसता ठीक कसा?”

“ठीक होता, सर. पूर्ण नाही पाहिला. डुकराच्या वेळी उठून गेलो.”

अर्धवट पाहिलेल्या कृतीविषयी मत देण्याचा अधिकार कोणासही नाही, यावर आम्ही मग दहा मिनिटे बोललो. शेवटी त्याच्या वहीत तांबड्या शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. “हो, सर,” एवढेच म्हणून तो गेला.

त्या रात्री आम्ही आपले टिपण काढून बसलो. ज्यांनी तो चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कैकाडी भाषेत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. जब्या नावाच्या शाळकरी मुलाच्या घरच्यांना गावातील डुकरे धरण्याचे काम करावे लागते. ते शाळेजवळच चालले असते, आणि त्याचे सोबती व गावकरी ते कुस्तीच्या फडासारखे पाहून हसत असतात. डुक्कर हातात येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निघून जाते. आमच्या टिपणात या प्रसंगापुढे ‘उपरोधाचा उत्तम नमुना’ असे लिहिलेले होते.

ते वाचीत असता आम्हांस सभागृह आठवले. पडद्यावरची मंडळी हसत होती तशीच खालची मुलेही हसत होती. आम्हीही किंचित हसलो होतो. नमुना उत्तम होता ना! आणि त्याच वेळी पुढल्या रांगेतून कोणी उठले, पडदा क्षणभर आमच्या दृष्टीआड झाला, आणि “खाली बसा” असे आम्ही जरा चिडूनच म्हणालो होतो. तो कोण होता हे आता आमच्या ध्यानात आले.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे त्यांपैकी एक. जो आपल्याच दुःखात गुंतला त्यास नाट्याचा आस्वाद घेता येत नाही, हा सिद्धांत आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या हिशेबाने उठून जाणारा मुलगा रसिक ठरत नाही. परंतु हातात टिपणवही घेऊन स्वस्थ बसलेले आम्ही तरी सहृदय कसे ठरतो? त्यास त्या प्रसंगाने बसू दिले नाही. आम्हांस त्याने लेखणी खाली ठेवावयासही लाविले नाही. आम्ही उपरोध पाहिला. त्याने काय पाहिले ते त्याच्या ‘ठीक’मध्ये झाकलेले होते. ते उघडून पाहावे असे आमच्या मनात आले नव्हते.

पुढल्या सोमवारी तो जिन्यात भेटला. आम्ही काही बोलण्यापूर्वी त्यानेच विचारले, “सर, त्याचा शेवट काय होता?”

“जब्या दगड भिरकावतो. तो थेट पडद्याबाहेर, आपल्या अंगावर येतो.”

तो किंचित थांबून म्हणाला, “मग तेवढं पाहायला हवं होतं.”

“त्याची तबकडी ग्रंथालयात आहे. हवे तर आपण दोघे बसून पाहू.”

“नको, सर. मी एकटाच पाहीन.”

आम्हांस ते लागले, आणि लागावयास हवेच होते. त्याच्या गावी काय घडले होते हे आम्ही विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार शिक्षकास नुसत्या हुद्द्याने मिळत नसतो. त्याची वही त्याच्याजवळच होती, तेव्हा तो शेरा खोडण्याचीही सोय राहिली नव्हती. घरी येऊन आम्ही आपले टिपण पुन्हा काढले, ‘उपरोधाचा उत्तम नमुना’ यावर एक रेघ ओढली, आणि खाली तांबड्या शाईने तोच शब्द लिहिला : अपूर्ण.