भय कोठें गेलें?

गेल्या आठवड्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हीं ‘रमन राघव २.०’ हा २०१६ सालचा हिंदी चित्रपट घरबसल्या पाहिला. नांव ऐकतांच आमचें मन १९६८ सालच्या मुंबईंत गेलें. पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्यांचीं डोकीं रात्रीं फोडणाऱ्या रमन राघवानें त्या वर्षीं शहराची झोंप उडविली होती. आम्ही आठ वर्षांचे होतों. एरव्हीं चाळीच्या गॅलरींत पसरणाऱ्या वळकट्या आंत आल्या, आणि उकाड्यानें जीव कासावीस झाला तरी वडील दाराची कडी काढूं देत नसत. कोपऱ्यावर उघड्यावर निजणाऱ्या हमालास मात्र कडी कोठली? आजी रोज त्याच्याहि नांवानें रामरक्षा म्हणे. पुढें रमाकांत कुळकर्णी यांच्या देखरेखीखालीं तपास होऊन ऑगस्टांत तो नराधम सांपडला.

हें त्याचें चरित्र नव्हे, असें दिग्दर्शक अनुराग कश्यप आरंभींच सांगून टाकतात. तेव्हां ती तक्रार नाहीं. नवाजुद्दीन सिद्दीकींच्या अभिनयासहि नांवें ठेवतां येत नाहींत. परंतु खुनी आणि व्यसनी पोलीस अधिकारी हे एकमेकांचीं प्रतिबिंबें, या कल्पनेवर कर्ता इतका लुब्ध झाला आहे कीं, मरणारीं माणसें निमित्तमात्र उरतात. भयानक रसास भिणारें माणूस लागतें. मारणाराच सतत डोळ्यांपुढें ठेविला कीं बाकी राहतो तो बीभत्स.

“भीति वाटली का?” सूनबाईंनीं विचारलें. आम्हीं नाहीं म्हटलें. रात्रीं कडी लावितांना मात्र तो हमाल आठवला. त्याचें नांव आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.